हंडा खाली ठेवल्यावर

सोहारच्या किनाऱ्यावर मी समुद्र गाळतो.
उपमा नाही ही,
माझ्या कार्डावर छापलंय :
शांतवन घाटविसावे, ऑपरेटर, गोडं पाणी विभाग.
पंप समुद्राला ओढतात, पडदे त्याला अडवतात,
मीठ मागं राहतं, पाणी पुढं जातं.
दाब साठच्या खाली उतरला की दिवा लाल होतो
आणि मी उठतो.
बारा वर्षं असा उठतोय.

या बारा वर्षांत
संगमनेरच्या अलीकडे माझं घर दोन मजले वाढलं.
फोनच्या काचेत सुलोचना फरशीचे तुकडे धरते,
"ही मोरपंखी, ही दुधी, बोला."
मी म्हणतो, दुधी.
ती म्हणते, दुधीवर डाग दिसतात,
आणि महिना संपतो.
त्या घरात मी आजवर झोपलोय
दोनशे चौदा रात्री.
मोजल्यात.

बाहेर कुणाला ठाऊक नसतं, पण
पडद्यातून नुकतं निघालेलं पाणी पिववत नाही.
इतकं कोरं, की जिभेला सापडत नाही,
लोखंडी नळ खाऊन टाकतं.
मग आम्ही त्यात चुनखडी मिसळतो,
थोडी जमीन परत देतो म्हणा,
तेव्हा कुठं ते माणसांचं होतं.

आई टँकरच्या रांगेत होती, मी तिच्या पदराला.
रविवार. देवळाबाहेर टांगलेला रुळाचा तुकडा वाजला.
तिनं हंडा रांगेत ठेवला,
चुंबळ त्याच्यावर ठेवली,
आणि गेली प्रार्थनेला.
परत आलो तर टँकर गेलेला,
हंडा कुणीतरी लाथेनं कडेला सारलेला.
बाप ओरडला ते सबंध आळीनं ऐकलं.
ती एवढंच म्हणाली,
"तहान लागली होती म्हणून गेले."
नऊ वर्षांचा होतो. ओठ फुटले होते.
त्या रात्री उसन्या पाण्याचा तांब्या तोंडाला लावताना
मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

गेल्या शुक्रवारी हमूद म्हणाला, जादा पाळी कर, दीडपट पैसे.
दीडपट म्हणजे अर्धी खोली फरशी.
मी नाही म्हणालो.
"कुणी वारलं?"
नाही.
"लग्न आहे?"
नाही.
"मग?"
त्याच्या भाषेत जेवढे शब्द येतात
त्यातला जवळचा एक उचलला : तहान.
त्यानं बिचाऱ्यानं
स्वतःची बाटली माझ्याकडे सरकवली.

मल्याळी मंडळी उठतात आणि फिलिपिनो यायचे असतात,
मधली चाळीस मिनिटं आमची.
अकरा माणसं, घडीच्या खुर्च्या,
पेटीचा एक सूर कायमचा बसलेला.
सिस्टर दीनाबाई डोळे मिटून नावं घेत जाते :
कुणाचा व्हिसा, कुणाचा मूतखडा,
हमूदच्या लेकीचा ताप,
माझी फरशीही सुटत नाही तिच्यातून.
दीडपट सोडून आलो होतो,
वाटलं, काहीतरी होईल.
काही झालं नाही.
एसी गळत होता बादलीत. थेंब.
सवयीनं मी मोजायला लागलो,
एकोणचाळीस, चाळीस,
आणि कुठंतरी
मोजणी हातातून सुटली.
केव्हा, ते सांगता येत नाही.
एवढं कळलं की बारा वर्षांत पहिल्यांदा
मी कशाचीच वाट बघत नव्हतो,
आणि कुणीतरी माझी बघत होता,
केव्हापासून कोण जाणे,
न ओरडता.

बाहेर येऊन कागदी पेला भरला.
माझंच पाणी, बहुतेक बुधवारचं.
चुनखडीची पुसट चव होती.
तिलाही मी आमेन म्हणालो,
कारण तोही आला होता ना
याच मातीची चव अंगाला लावून घेत.

रात्री सुलोचना : मोरपंखी की दुधी?
म्हटलं, तुला आवडेल ती.
"पाळी केली नाही म्हणे? बरं नाही का?"
बरं आहे.
हंडा जरा खाली ठेवलाय.
"कुठं ठेवलाय?"

फोनवर वारा घोंघावत राहिला,
माझ्याकडचा, की तिच्याकडचा.